महाबळेश्वर हिवाळ्यात कसं बघावं

जानेवारीतली पहाट, साडेसहाचा सुमार. वेण्णा तलावाच्या काठावर मोबाइलचा टॉर्च लावला तर पायाखालचं गवत पांढरं दिसलं. आधी वाटलं, कुणाच्या तरी गोणीतून मीठ सांडलंय. वाकून बोट फिरवलं तर बारीकशी कुरकुर झाली आणि मागे ओली रेघ उमटली. दव गोठलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या जीपच्या टपावरही तोच थर होता, एखाद्या पोराने नखाने नाव लिहावं इतका जाड. महाराष्ट्रात, समुद्रापासून इतक्या जवळ, हे बघायला मिळतं यावर तोपर्यंत माझा विश्वास नव्हता.

आपल्याकडे महाबळेश्वर म्हटलं की मे महिना आठवतो. ही सवय इंग्रजांची. १८२८-२९च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सातारच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून इथे वसाहत उभी केली. बाजारपेठेचं माल्कमपेठ हे जुनं नाव त्यांचंच. मुंबईच्या उकाड्यातून पळून येणाऱ्या साहेबांना उन्हाळा सोयीचा होता, आणि आपण तोच हंगाम पुढे चालवला. पण उन्हाळ्यात दऱ्या धुरकट असतात, गवत जळालेलं असतं आणि स्ट्रॉबेरी संपत आलेली असते. पावसाळ्यात साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तेव्हा धुक्यापलीकडे काही दिसत नाही. डोंगर, आकाश आणि शेत तिन्ही एकत्र भेटतात ते हिवाळ्यातच. मात्र इथला हिवाळा घड्याळ लावून बघावा लागतो. किती पॉइंट झाले यापेक्षा कुठे किती वाजता होतो याला इथे जास्त किंमत आहे. पुढचा सगळा लेख त्या वेळापत्रकाबद्दल आहे.

आधी आठवडा ठरवा, मग हॉटेल

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळा काळ सरसकट सारखा नसतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पावसाळ्याची हिरवाई अजून शिल्लक असते, गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं, लिंगमळ्याच्या धबधब्याला थोडं पाणी असतं. थंडी गोड असते, पण स्ट्रॉबेरी जेमतेम सुरू झालेली. धबधबा बघायची फार इच्छा असेल तरच हा काळ निवडा. जानेवारीत धबधब्यासाठी गेलात तर काळा कातळ बघून परत याल.

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे चांगले. २२ डिसेंबर ते २ जानेवारी मात्र टाळा, अगदी निक्षून सांगतो. पाचगणी ते महाबळेश्वर हे १९ किलोमीटरचं अंतर त्या दिवसांत गाडीतच दिवस घालवतं, आणि सगळ्यात मोठी कोंडी नेमकी वेण्णा तलावाशी होते.

माझी पसंती ५ जानेवारी ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. यात २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार येत असेल तर तेवढे दिवस सोडा. गोठलेलं दव आणि भरात आलेली स्ट्रॉबेरी या दोन्ही गोष्टी याच पाच-सहा आठवड्यांत एकत्र मिळतात. शक्य असेल तर सोमवारी दुपारी पोहोचा आणि गुरुवारी सकाळी निघा. तीन रात्री हव्यात, कारण हिमकणांची, म्हणजे गोठलेल्या दवाची, पहाट रोज येत नाही. एका रात्रीच्या मुक्कामात ती मिळाली तर नशीबच म्हणायचं.

एक अपेक्षा आधीच नीट करून घ्या: इथे बर्फ पडत नाही. जानेवारीत गावातलं किमान तापमान सरासरी १३-१४ अंश असतं, दुपारी २४-२५. थंडीची लाट आली की गावातही पारा दहाच्या खाली उतरतो, आणि तलावाकडे त्याहून बराच खाली.

खोली घेताना दोनच प्रश्न विचारा

पहिला प्रश्न, गरम पाणी किती वाजता आणि कशावर? एका मुक्कामी मला "चोवीस तास गरम पाणी" सांगितलं होतं. पहाटे पाच वाजता नळाखाली हात धरला आणि कळलं की पाणी छतावरच्या सोलरचं आहे. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी वापरून टाकीत राहिलेलं कोमट पाणी तेवढं येत होतं. इलेक्ट्रिक गिझर आहे का, हे स्पष्ट विचारा.

दुसरा प्रश्न, रजया जादा मिळतील का? महाबळेश्वरमध्ये बहुतेक खोल्यांना हीटर नसतो. दरीकडे तोंड केलेली मोठी काचेची खिडकी फोटोत फार सुंदर दिसते, पण रात्री त्याच काचेतून थंडी आत येते. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर पूर्वेकडे खिडकी असलेली, बाजाराजवळची खोली घ्या. सकाळी ऊन थेट अंथरुणावर येतं आणि आईवडील खूश असतात. धडधाकट मंडळींनी तलावाच्या किंवा लिंगमळ्याच्या बाजूला राहावं, पहाटेचा रस्ता वाचतो.

कपडे

एकच जाड जॅकेट आणू नका. आत अंगाबरोबरचा लांब बाह्यांचा बनियन, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. दुपारी एक-एक काढता येतं. कानटोपी आणि मोजे विसरू नका, कारण इथली थंडी कानातून आणि तळपायांतून शिरते. हवा कोरडी असते, ओठ दुसऱ्या दिवशीच फुटतात, तेव्हा व्हॅसलीनची छोटी डबी खिशात हवी. लाल मातीच्या उतारांवर बारीक खडी असते, म्हणून बुटांना पकड हवी.

हिमकणांची पहाट कशी गाठायची

हा या सहलीचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

वेण्णा तलाव निसर्गाने केलेला नाही. १८४२ साली सातारच्या छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी गावाच्या पाण्यासाठी तो बांधून घेतला. तो एका खोलगट भागात आहे, आणि लिंगमळ्याचा पट्टाही त्याच्याच पुढे, वेण्णेच्या खोऱ्यात. रात्र निरभ्र असली की जमिनीतली उष्णता आकाशात निघून जाते. जमिनीला लागलेली हवा गार होते, गार हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी ओघळत खालच्या खोलगटात साचते. म्हणून उंचावरच्या बाजारपेठेत दहा अंश असतात तेव्हा खाली तलावाकाठी तीन-चार असू शकतात. आणि गवताची पाती, स्ट्रॉबेरीची पानं, गाडीचा पत्रा यांचा पृष्ठभाग तर हवेहूनही थंड होतो. त्यामुळे हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही त्यांच्यावरचं दव गोठतं. वर गावातल्या हॉटेलात झोपलेल्या माणसाला खाली काय झालंय याचा पत्ताही नसतो.

यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: ढग नकोत, वारा नको आणि थंडीची लाट हवी. रात्री साडेनऊ-दहाला जेवून बाहेर या आणि वर बघा. चांदण्या टोकदार दिसतायत, झाडाचं पान हलत नाही आणि श्वासाची वाफ दिसते, तर पहाटे पाचचा गजर लावा. वारा सुटला असेल तर खुशाल झोपा. वारा थंड आणि गरम हवा एकमेकांत मिसळून टाकतो. अंगाला थंडी जास्त वाजते, पण दव गोठत नाही.

सव्वासहापर्यंत तलावाशी पोहोचा. जेट्टीवर जाता आलं तर लाकडी फळ्या बघा, नाही तर काठचं गवत, कुंपणाच्या तारा, उभ्या गाड्यांचे टप. टॉर्च समोरून मारू नका. जमिनीलगत आडवा धरा, मग एकेक कण चमकताना दिसतो. उजाडायला लागलं की तलावाच्या पाण्यावरून वाफ उठते, कारण पाणी हवेपेक्षा गरम असतं. या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो, आणि खोलगटात ऊन पोहोचायला आणखी थोडा वेळ लागतो. ते एकदा गवताला टेकलं की अर्ध्या तासात सगळं पाणी होतं. साडेआठला नाश्ता करून निवांत येणाऱ्यांना फक्त ओलं गवत दिसतं.

एक कळकळीची विनंती. पांढरं झालेलं स्ट्रॉबेरीचं शेत दिसलं की लोक फोटोसाठी थेट वाफ्यांत शिरतात. आपल्याला जे दृश्य वाटतं, ते शेतकऱ्याचं नुकसान असतं. अशा पहाटेनंतर एका शेतकरीदादांनी मला एक फूल दाखवलं होतं: पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, टवटवीत, पण मधला पिवळा गोंडा काळा पडलेला. "याला आता फळ धरत नाही," एवढंच ते म्हणाले. बांधावर उभं राहा, विचारा, आणि आत बोलावलं तरच दोन वाफ्यांमधून चाला.

हिमकण नसतील त्या पहाटे विल्सन पॉइंटला जा. १,४३९ मीटरवरची ही महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा, आणि सूर्योदयासाठी दुसरीकडे कुठे जायची गरज नाही. दोन्ही ठिकाणं एकाच पहाटे करायला धावू नका, दोन्ही अर्धवट होतात.

सूर्य पाठीशी ठेवून पॉइंट बघा

गाडीवाले सांगतात त्या क्रमाने पॉइंट बघितले तर निम्म्या दऱ्या डोळ्यावर येणाऱ्या उन्हात जातात. साधा नियम लक्षात ठेवा: पश्चिमेकडचे पॉइंट सकाळी, पूर्वेकडचे दुपारनंतर.

सकाळी नऊच्या सुमारास क्षेत्र महाबळेश्वरला निघा, गावापासून सहा-एक किलोमीटर. पंचगंगेच्या मंदिरात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम इथे मानतात. चपला काढून त्या फरशीवर पाऊल ठेवलं की थंडी गुडघ्यापर्यंत चढते. मुलांना मोजे घालूनच आत न्या. याच क्षेत्री छत्रपती शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली, तीही जानेवारीतच, १६६५ साली. अशाच गारठ्यात तो सोहळा झाला असेल, हे मला इथे प्रत्येक वेळी आठवतं.

बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. तुम्ही थोडं पुढे चालत कृष्णाबाईच्या मंदिराकडे जा. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, शांत मंदिर आहे आणि समोर कृष्णेचं खोरं उलगडत जातं. हिवाळ्याच्या सकाळी तिथल्या कट्ट्यावर ऊन खात अर्धा तास बसायला मिळालं तर दुसरा एखादा पॉइंट खुशाल गाळा.

तिथून ऑर्थर सीट. साडेदहा ते बारा ही याची वेळ. आधी गेलात तर सावित्रीचं खोरं सावलीत असतं आणि कोकणावर धुक्याची चादर पसरलेली असते. दुपारी चारनंतर ऊन समोरून डोळ्यांत येतं. या मधल्या दीड तासात सूर्य पाठीशी आणि वर असतो, कड्यांचे थर एकेक करून मोजता येतात. नुकतीच पाहिलेली कृष्णा इथून पूर्वेला निघून सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, आणि समोर खाली दिसणारी सावित्री बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला. मधे एवढीच डोंगराची कड. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यामुळे इथे टाकलेली हलकी वस्तू परत वर येते, म्हणून लोक बाटल्यांची झाकणं फेकतात. सगळी वर येत नाहीत. उरलेली खालच्या जंगलात पडतात. २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तो याच जंगलासाठी. मुलांना गंमत दाखवायचीच असेल तर वाळलेलं पान सोडा, तेही तितकंच छान उडतं.

दुपारी तीन-साडेतीननंतर पूर्वेकडचा केट्स पॉइंट. खाली धोम आणि बलकवडी धरणांचं पाणी असतं, त्यावर मागून पडलेलं ऊन असतं, आणि हत्तीच्या सोंडेसारखा तो कडा त्या उन्हात तांबूस होतो. सकाळी हेच दृश्य फिकट दिसतं.

सूर्यास्ताला सगळी गर्दी मुंबई पॉइंटवर असते. मला लॉडविक पॉइंट जास्त आवडतो. डोंगराच्या सोंडेवरून टोकापर्यंत चालत जायचं, समोर प्रतापगड. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, पण क्षितिजावर धुरकट पट्टा असतो आणि सूर्य त्यात आधीच विरघळतो. सव्वापाचला तिथे हवं. आणि जॅकेट सूर्य बुडायच्या आधीच चढवा. नंतरच्या दहा मिनिटांत हवा एकदम पालटते आणि अंग एकदा गारठलं की लवकर गरम होत नाही.

प्रतापगड भर दुपारी

उन्हाळ्यात कुणी असं सुचवलं तर ऐकू नका. पण हिवाळ्यात प्रतापगडासाठी अकरा ते तीन ही वेळ उत्तम. गड महाबळेश्वरहून खाली असल्याने तिथे ऊब असते आणि पायऱ्या चढताना घाम येत नाही. दुसरा दिवस यासाठी ठेवा. आंबेनळी घाटाने वीस-बावीस किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, ज्यांना गाडी लागते त्यांनी नाश्ता हलका करावा. गड १६५६ साली बांधून झाला आणि १० नोव्हेंबर १६५९ला अफझलखानाशी भेट झाली, म्हणजे पावसाळा सरून रान सुकायला लागलेल्या अशाच दिवसांत. बुरुजावरून जावळीचं खोरं बघा. आजही झाडी इतकी दाट आहे की एवढी मोठी फौज त्यात कशी अडकली असेल, हे नकाशा न बघता कळतं.

स्ट्रॉबेरी: कधी, कुठे, कशी

मातृरोपं परदेशातून येतात, त्यांच्यापासून इथल्या रोपवाटिकांत रोपं तयार होतात आणि पाऊस ओसरला की गादीवाफ्यांवर, मल्चिंग पेपरला (वाफा झाकणाऱ्या प्लास्टिकला) भोकं पाडून लागवड होते. नोव्हेंबरमध्ये पहिली फळं, जानेवारी-फेब्रुवारीत भर. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. दिवस उबदार आणि रात्री थंड असल्या की फळ सावकाश पिकतं आणि गोडी भरते, म्हणून कडक थंडीनंतरच्या आठवड्यातलं फळ मला सगळ्यात चांगलं लागतं.

रस्त्यावरच्या स्टॉलपेक्षा शेतातून घ्या. गुरेघर, मेटगुताड, भिलार या भागांत बरेच शेतकरी शेताच्या तोंडाशी विकतात. निवडताना आकाराला भुलू नका. देठाजवळचा खांदा बघा: तो पांढरट असेल तर फळ अर्धकच्चं तोडलंय, आणि स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. घरी ठेवून लाल होईल, गोड होणार नाही. देठापर्यंत लाल, टोपी हिरवी ताजी, आणि डबा नाकाशी नेला की वास आलाच पाहिजे. डबा उलटा करून तळ बघा. खाली ओल दिसली तर वरची फळं कितीही देखणी असोत, परत ठेवा.

खरेदी निघायच्या दिवशी सकाळी करा, पहिल्या दिवशी नाही. धुऊन डबाबंद करू नका. पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी बुरशी येते. एकावर एक ढीग नको, फार तर दोन थर. डिकीत न ठेवता पायाशी, सावलीत ठेवा. घरी गेल्यावर फ्रीजमध्ये, आणि खायच्या आधीच धुवा. इथली गाजरं आणि लाल मुळेही याच दिवसांत कोवळे असतात, जुडी जरूर घ्या. मध घ्यायचा असेल तर तालुक्यातलं मांघर लक्षात ठेवा. २०२२ साली ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.

भिलारला फळांसाठी गेलात की दोन तास जास्तीचे ठेवा. ४ मे २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत, देवळांत विषयवार मराठी पुस्तकं मांडलेली आहेत. थंडीच्या दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर, पाठीवर ऊन घेत, कविता वाचत बसण्यासारखं सुख नाही. पुस्तक होतं तिथे परत ठेवायचं, एवढंच पथ्य.

वणवा आणि रस्ता

जानेवारीनंतर गवत काडीसारखं वाळतं. शेकोटी हॉटेलच्या आवारातच, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेली. पॉइंटवर सिगारेट, शेकोटी, आकाशकंदील काहीही नको. एका ठिणगीने अख्खा उतार पेटतो. रात्रीचा घाट टाळा. पहाटे लवकर निघत असाल तर गाडीच्या काचेवर गोठलेल्या दवावर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकू शकते. इंजिन चालू करून ब्लोअर लावा, पाच मिनिटं थांबा.

परतताना पसरणी घाट नऊच्या आत उतरलात तर वाईला नाश्त्याच्या वेळेला पोहोचता. घाटाच्या तळाशी काच खाली करा, हवा बदललेली लगेच जाणवते. तिथेच गाडी बाजूला घेऊन स्वेटर काढा आणि स्ट्रॉबेरीचे डबे एकदा बघून घ्या. वळणांमध्ये खालचं एखादं फळ चेपलेलं असतंच. तेवढी वेगळी काढून वाईच्या घाटावर, कृष्णेच्या पायऱ्यांवर बसून खाऊन टाका, म्हणजे बाकीची घरापर्यंत टिकतात.